सेकंडहँड ड्रायक्लीन मशीन घ्यावं का? लातूरच्या एका काउंटरवरून उत्तर

परभणीच्या एका भावाने विचारलंय: वडिलांचं इस्त्रीचं दुकान आहे. स्वतः काही वर्षं पुण्याच्या मोठ्या लाँड्रीत स्टीम प्रेसवर काम केलं. आता घरी येऊन त्याच दुकानात ड्रायक्लीन सुरू करायचंय. १० किलोचं एक जुनं मशीन स्वस्तात मिळतंय. ते घ्यावं, की पेट्रोल वॉशवर, म्हणजे पेट्रोलसारख्या द्रवात हाताने धुण्यावर, सुरुवात करावी? वडील म्हणतात, इस्त्रीवर घर चाललंय, नसता उपद्व्याप नको.

आमची लाँड्री लातूरला आहे. धुलाई आणि प्रेस घरातले पुरुष बघतात, काउंटर माझ्याकडे असतो. त्यामुळे मी जे सांगते ते कपडे घेणारीच्या बाजूने सांगते, मशीन चालवणाऱ्याचं म्हणणं थोडं वेगळं असू शकेल. एका ओळीत विचाराल तर मशीन आत्ता घेऊ नका, ड्रायक्लीन मात्र सुरू करा. या दोन गोष्टी एकत्र कशा जमतात ते खाली सांगते.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते मान्य करते. तुमचं दुकान गल्लीत आहे की बाजारपेठेत, जवळपास शेरवानी-लेहंगे भाड्याने देणारी दुकानं आहेत का, डॉक्टर-वकिलांची वस्ती आहे का, पाणी नळाचं की बोअरचं, जागेला मागे उघडी बाजू आहे का, हे मला माहीत नाही. यातलं एखादं उत्तर बदललं की माझा सल्लाही बदलेल. भाड्याचे ड्रेस देणारी दोन-तीन चांगली दुकानं तुम्हाला वर्षभराचं काम लेखी द्यायला तयार असतील, तर पुढचं निम्मं वाचू नका.

आता मशीनचा हिशोब. साडी साधारण अर्धा-पाऊण किलोची, कोट-पँटचा सूट सव्वा-दीड किलोचा. म्हणजे १० किलोची एक फेरी भरायला १५-२० साड्या किंवा ७-८ सूट हवेत. तेही सगळे एकत्र टाकता येत नाहीत. गडद वेगळे, फिके वेगळे, लोकर वेगळी, टिकल्या-खड्यांचं काम वेगळं. पुण्याच्या प्लँटवर अनेक दुकानांचा माल एका ठिकाणी येतो, म्हणून तिथे प्रत्येक रंगाची फेरी भरते. एकट्या दुकानाला हे जमत नाही. मग एकतर अर्धी फेरी चालवायची, म्हणजे वीज आणि वेळ तोच आणि कमाई निम्मी, नाहीतर फेरी भरेपर्यंत गिऱ्हाइकाला 'उद्या या' सांगत बसायचं. आपल्याकडचं गिऱ्हाईक दोन वेळा 'उद्या' ऐकतं, तिसऱ्यांदा दुसरीकडे जातं.

त्यात हा धंदा सारखा चालत नाही. तुळशीचं लग्न लागलं की जो जोर येतो तो लग्नतिथी संपेपर्यंत. चातुर्मासात शालू आणि सूट कपाटात. मधे दिवाळीआधी थोडं, आणि थंडी संपली की शाली, स्वेटर, ब्लँकेट. मशीनचा हप्ता मात्र श्रावणातही तेवढाच असतो.

जुनं मशीन म्हणजे बहुतेक पर्कवर चालणारं असणार. पर्क म्हणजे परक्लोरोइथिलीन, ड्रायक्लीनमध्ये पाण्याऐवजी वापरायचं द्रव. तुम्ही प्रेसवर होता, त्यामुळे कदाचित त्याच्या जवळ फारसं गेला नसाल. पर्क पेट घेत नाही, तेल-तूप सुरेख काढतं, १२१ अंशांना उकळतं आणि मशीनच्या आतच त्याची वाफ करून, थंड करून, तेच द्रव पुन्हा वापरतात. सगळी मेख या 'थंड करून'मध्ये आहे. जुन्या मशीनमध्ये वाफ थंड करायला पाणी फिरतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात घालवत नाही इतकं तापतं. त्या पाण्याने वाफ नीट थंड होत नाही. पर्क परत मिळतं कमी, उडून जातं जास्त, आणि कपड्याला वास राहतो. म्हणजे लग्नसराईच्या ऐन भरात मशीन सगळ्यात वाईट चालतं. सोबत चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घेतलं तर हे सुटतं, पण मग 'स्वस्तात मिळतंय' राहत नाही.

आणि तब्येतीचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पर्कला 'माणसात बहुधा कर्करोग करणारं' या गटात ठेवलंय. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधून ते १० वर्षांत हद्दपार करण्याचा नियम केला. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. आपल्याकडे छोट्या दुकानात पोटमाळ्यावर नाहीतर मागच्या खोलीत माणसं झोपतात. जिथे पर्कचं मशीन आहे तिथे कोणी झोपायचं नाही, लेकरं अभ्यासाला बसवायची नाहीत. ऊर्ध्वपातनानंतर, म्हणजे वाफ करून पर्क साफ करून घेतल्यावर, तळाला जो काळा गाळ राहतो तो नालीत टाकायचा नाही. पर्क पाण्यापेक्षा जड असतं, जमिनीत मुरलं की खाली खाली जातं, आणि खाली तुमच्याच गल्लीतलं बोअर असतं.

मग पेट्रोल वॉश? खऱ्या पेट्रोलचा विचारही करू नका. ते घरात साठवणं, बादलीत कपडे बुचकळणं आणि शेजारी इस्त्री तापलेली, हे ऐकूनच मला घाम फुटतो. रेशीम आणि पॉलिस्टर घासले की ठिणगी पडते, तेवढी पुरते. बहुतेक ठिकाणी पेट्रोल वॉशच्या नावाखाली एमटीओ म्हणजे मिनरल टर्पेंटाइन वापरतात. ते कपड्याला पर्कपेक्षा सौम्य आहे, रंग आणि टिकल्या सांभाळतं. पण त्याची वाफ पेट घेण्याइतकी तयार होते ती साधारण ३०-४० अंशांच्या पुढे. म्हणजे पुसाच्या थंडीत जे बऱ्यापैकी सुरक्षित, तेच वैशाखात परभणीच्या पत्र्याखाली पेटायला तयार. एमटीओसारख्या द्रवासाठीचं बंद हायड्रोकार्बन मशीन, हवा बाहेर टाकणारा पंखा, इस्त्रीपासून वेगळी खोली, एवढं असेल तरच करा. उघड्या ड्रमवर नको.

म्हणून माझं म्हणणं असं: पहिलं वर्ष ड्रायक्लीनचे कपडे तुम्ही घ्या, ओळखा, डाग तुम्ही काढा, प्रेस तुम्ही करा. मधली मशीनची फेरी मात्र जॉबवर्कवर बाहेर द्या. नांदेड किंवा संभाजीनगरात चांगला प्लँट शोधा, आठवड्यातून ठरावीक दिवशी माल जाईल-येईल असं ठरवा. फायदा कमी सुटेल, पण वर्षअखेरीस तुमच्या वहीत लिहिलेलं असेल की कोणत्या महिन्यात किती साड्या, किती सूट आले. मशीन घ्यायचं का, हे ती वही सांगेल. एक लक्षात ठेवा, कपडा प्लँटवर खराब झाला तरी गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तो तुम्हीच खराब केला. म्हणून पाठवताना आणि परत घेताना, दोन्ही वेळा उजेडात उघडून बघा.

तुमच्या प्रश्नात न आलेली गोष्ट म्हणजे पाणी. ड्रायक्लीनचं नाव मोठं, पण रोजचा धंदा साध्या धुलाईचा: पांढरे शर्ट, चादरी, होस्टेलच्या पोरांचे कपडे, दवाखान्याचे अॅप्रन. आणि आपल्याकडे तो बोअरच्या पाण्यावर चालतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं असं आहे. काळ्या दगडातल्या आपल्या कितीतरी बोअरचं पाणी या पट्ट्याच्या वरच्या टोकाला असतं. असल्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट त्याचा चिकट साका होऊन धाग्यात बसतो. कपडा आधी मळकट, मग इस्त्रीच्या गरमीने पिवळा. लोक म्हणतात लाँड्रीवाल्याने ब्लीच जास्त टाकलं.

पाणी तपासून घ्या, पण टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतो, साबणाला नडणारे कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यातले किती ते सांगत नाही. थेंब टाकून रंग बघायचं कठीणपणाचं किट मिळतं, ते आणा. कठीणपणा जास्त निघाला तर मिठावर चालणारा सॉफ्टनर, म्हणजे हा कठीणपणा काढणारं यंत्र, बसवा. ड्रायक्लीन मशीनच्या आधी घेण्यासारखी वस्तू असेल तर ती ही. सॉफ्टनरचं मीठ वेळेवर टाकायला लागतं, ते काम नोकरावर सोडू नका. तोवर धुण्याचा सोडा आहेच. जुने परीट भट्टीत सोडा घालायचे तो उगीच नाही, सोड्याने पाण्यातलं कॅल्शियम खाली बसतं. फक्त रेशीम आणि लोकरीच्या जवळ सोडा न्यायचा नाही.

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते सगळ्यांना आठवत असेल. त्या काळात इथे धुलाईवाल्यांचे जे हाल झाले त्यावर वेगळं लिहावं लागेल. शिकण्यासारखं एवढंच की शेवटच्या खळबळीचं पाणी साठवून पुढच्या फेरीच्या पहिल्या धुलाईला वापरायची टाकी पहिल्याच दिवशी बांधून घ्या. नंतर जागा सापडत नाही.

आता काउंटर. माझ्या मते या धंद्यात पैसा मशीनवर कमी आणि कपडा हातात घेतल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत जास्त कमावला किंवा घालवला जातो. तुम्ही प्रेसवर होता, म्हणजे कापड हाताला माहीत आहे. पण डाग ओळखणं ही वेगळी विद्या आहे.

लग्नातून आलेल्या साडीवर तीन गोष्टी ठरलेल्या: हळद, तेल-तूप आणि सरबत. तिन्हींचं औषध वेगळं. हळदीचा पिवळा रंग साबण लागला की लालभडक होतो. बाई घरी साबण चोळते, डाग लाल झालेला बघून घाबरते आणि तुम्हाला सांगते 'कुंकू सांडलं'. तुम्ही कुंकू समजून कामाला लागलात की बसली साडी. पांढऱ्या सुती कापडावरची हळद धुऊन उन्हात टाकली की उडते. रेशमी साडीवर तोच उपाय केला तर हळदीबरोबर साडीचा रंगही उडेल.

सरबत, कोल्ड्रिंक, बासुंदी यांचा डाग वाळल्यावर दिसतच नाही. आणि साखर ड्रायक्लीनच्या द्रवात विरघळत नाही, तिला पाणीच लागतं. मग होतं काय, साडी मशीनमधून स्वच्छ निघते, प्रेसची गरमी लागते आणि न दिसलेली साखर करपून तपकिरी ठिपके उमटतात. गिऱ्हाईक म्हणतं, 'मी दिली तेव्हा नव्हते.' खरंच दिसत नव्हते. म्हणून पदर आणि निऱ्यांचा भाग उजेडासमोर तिरका धरून बघा, कडक किंवा चकचकीत लागलं तर तिथे आधी ओल्या फडक्याने टिपून घ्या. तेला-तुपाचं उलट, ते ड्रायक्लीनमध्ये सहज जातं. मात्र वर्षभर कपाटात पडून पिवळं पडलेलं तेल कशानेच पूर्ण जात नाही. तसं तोंडावर सांगा.

घामाचं सगळ्यात अवघड. ब्लाउज आणि शेरवानीच्या बगलेत घाम आणि डिओडरंट मिळून रेशीम कुजवतात. कापड अखंड दिसतं, पण धुलाईत फाटतं. घेतानाच दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणून बघा. करकर वाजलं किंवा धागे सरकले तर पावतीवर लिहा, 'बगलेत कापड कमजोर', आणि गिऱ्हाइकासमोर फोटो काढून त्यांनाच व्हॉट्सअॅपवर पाठवा. पावतीच्या मागे बारीक अक्षरात 'नुकसानीस मालक जबाबदार नाही' छापलं म्हणजे आपण सुटलो, असं समजू नका. ग्राहक आयोगात ती छापील ओळ दर वेळी टिकत नाही. समोर बसून लिहिलेला दोष मात्र सहसा टिकतो, आणि मुळात भांडणच होत नाही.

अजून एक प्रश्न न चुकता विचारायचा: 'याला घरी काय काय लावलं?' लिंबू, मीठ, टूथपेस्ट, नेलपेंट काढायचं पाणी, सगळं निघतं. नेलपेंट काढण्याच्या पाण्यात अॅसिटोन असेल तर अॅसिटेट या कृत्रिम धाग्याचं अस्तर त्यात अक्षरशः विरघळतं. हे विचारताना आवाजात उलटतपासणी नको. 'ताई, म्हणजे मला औषध ठरवता येईल' असं म्हटलं की सगळं सांगतात.

कापड काय आहे हे लेबलवर असेल तर उत्तम. गोलात पी म्हणजे पर्क चालतं, एफ म्हणजे फक्त हायड्रोकार्बन, गोलावर फुली म्हणजे ड्रायक्लीन नाहीच. आपल्याकडच्या शिवलेल्या कपड्यांना लेबल कुठलं असायला! मग शिवणीतला एक धागा काढून जाळा. केस जळल्याचा वास आणि बोटात चुरगळणारी राख म्हणजे रेशीम किंवा लोकर. कागदासारखा वास म्हणजे सुती. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर, मग गिऱ्हाईक प्युअर सिल्क म्हणो की आणखी काही. ते त्यांना सांगायचं की नाही, हा प्रत्येकाच्या स्वभावाचा भाग. मी सहसा सांगत नाही. काही प्लास्टिकची बटणं, खडे आणि टिकल्यांचा डिंक पर्कमध्ये विरघळतो, म्हणून आतल्या बाजूची एक टिकली त्या द्रवात भिजवलेल्या कापसाने घासून बघायची.

पैठणी आणि हिमरू हे आपल्या घरचे कपडे, ते येणारच. हिमरूत सूत आणि रेशीम दोन्ही असतं, पाण्यात दोन्ही सारखं आटत नाहीत आणि कापड वाकडं होतं. पैठणीला पाणी नको, जरीवर थेट इस्त्री नको, उलट बाजूने आणि मधे मलमल घालून करायची. परत देताना सांगा की सुती कापडात गुंडाळा, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, दोन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला. जुनी पैठणी बहुतेक वेळा घडीवरच उलते. असं सांगणाऱ्या दुकानात बाई आईचीही साडी घेऊन येते.

कपडा कोणाचा ते कळावं म्हणून करायच्या खुणांबद्दल थोडंच. जुने लोक बिब्ब्याच्या रसाने खूण करायचे, ती कधी जात नाही हाच तिचा गुण आणि आज तोच दोष. शिवाय अंगावर उतते. न भिजणारे कापडी टॅग दोऱ्याने काजात किंवा लेबलला बांधा. रेशमाला स्टेपलर लावू नका.

वडिलांच्या म्हणण्याकडे येते. इस्त्रीवर घर चाललंय हे ते खरं सांगतायत, आणि तुमचं पहिलं भांडवलही तेच आहे. तुमच्या हातात स्टीम प्रेसची कला आहे. जिल्ह्याच्या गावात साड्यांना रोल प्रेस (रुळांमधून काढून सपाट करणं), पुढाऱ्यांच्या आणि कार्यकर्त्यांच्या पांढऱ्या लिननला बेताची खळ आणि कडक घडी, बुरख्याच्या काळ्या कापडाला चमक न येऊ देता वाफेची इस्त्री, एवढं नीट केलं तरी लोक लांबून येतात. यात रसायन नाही, फेरी भरायची वाट नाही, पैसे रोखीत. वडिलांची कोळशाची इस्त्री सुती धोतरांसाठी राहू द्या आणि शेजारी एक छोटा बॉयलर, वाफ खाली ओढून घेणारं व्हॅक्यूम टेबल आणि रोल प्रेस लावा. तुमच्या पैशातून आधी हे, मग सॉफ्टनर, मग दोन चांगली धुलाई मशीनं.

पैशासाठी पीएम विश्वकर्मा योजना बघा. १७ सप्टेंबर २०२३ पासूनची ही योजना १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे आणि त्यात धोबीकाम येतं. विनातारण १ लाख, ते फेडल्यावर आणखी २ लाख, व्याज ५ टक्के, आणि अवजारांसाठी १५,००० रुपये. घरातल्या एकालाच मिळते, तेव्हा वडिलांच्या नावे की तुमच्या, हे घरी बसून ठरवा. अर्ज करण्याआधी सध्याच्या अटी सामान्य सेवा केंद्रात विचारून घ्या.

एवढं वाचूनही ते मशीन बघायला जायचंच असेल तर मालकाच्या बोलण्यावर जाऊ नका, तुमच्यासमोर एक पूर्ण फेरी चालवायला सांगा, शक्यतो दुपारच्या उन्हात. सुरुवातीला टाकीतल्या द्रवाची पातळी खडूने मारून ठेवा आणि फेरी संपून ऊर्ध्वपातन झाल्यावर पुन्हा बघा. दाराच्या रबराला हात लावा, ते कडक किंवा भेगाळलेलं असेल तर वाफ तिथूनच जाते. आतून निघालेला लोकरीचा कपडा लगेच नाकाला लावा. वास येत असेल तर वाफ थंड करणारा कंडेन्सर गेलाय किंवा सुकवणी अपुरी आहे. आणि ते मशीन का विकतायत, हे त्यांच्या ऑपरेटरला चहाच्या टपरीवर वेगळं विचारा.